परदेशात स्वस्तात फिरायचंय? आधी गाइडबुक पारखून घ्या

२०१८ चा डिसेंबर, व्हिएतनाममधलं हनोई, रात्रीचे साडेदहा. आईच्या हातात चकल्यांची पिशवी, माझ्या पाठीवर सॅक आणि हातात उघडं गाइडबुक. नकाशाप्रमाणे गल्ली बरोबर होती, घरनंबरही बरोबर होता. फक्त पुस्तकानं तोंडभरून वाखाणलेल्या गेस्टहाउसच्या जागी मोबाइल कव्हरांचं दुकान होतं आणि त्याचंही शटर अर्ध्यावर आलेलं. आतल्या मुलानं आमच्या पुस्तकाकडे पाहिलं, हसला आणि हात हलवून ‘गेलं, गेलं’ अशी खूण केली.

“फोन नव्हता केलास?” आईनं विचारलं.

नव्हता केला. पुस्तकात होतं ना!

ते पुस्तक मी मुंबईत फाउंटनच्या, म्हणजे हुतात्मा चौकाच्या, फूटपाथवरून दीडशे रुपयांना घेतलं होतं. घरी परत आल्यावर पहिल्यांदा त्याचं सालाचं पान पाहिलं. आवृत्ती २००९ ची होती. गंमत पुढेच आहे. त्या गेस्टहाउसच्या नावाशेजारी आधीच्या कुणा मालकानं पेन्सिलीनं दोन बारीक अक्षरं लिहिली होती, ‘झेड’ आणि ‘यू’. मला वाटलं कुणाच्या नावाची आद्याक्षरं असतील. मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला दाखवली तर म्हणाली, “अगं, त्सू! म्हणजे बंद.”

तेव्हापासून मी गाइडबुक घेताना भाजी घेतल्यासारखी उलटीपालटी करून घेते. पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर, कमी पैशांत परदेशी निघालेल्यांसाठी ती पद्धत इथे लिहितेय. उदाहरणं बहुतेक व्हिएतनामची आहेत, कारण तिथे मी दोनदा गेलेय. बाकी देशांनाही हीच पद्धत चालते.

१. पुस्तकाकडून काय हवंय ते आधी ठरवा

‘फोन असताना पुस्तक कशाला?’ हा प्रश्न घरी विचारला जाणारच. उत्तर तयार ठेवा. आज रात्री कुठे झोपायचं, खोली केवढ्याला, हे फोन पुस्तकापेक्षा चांगलं सांगतो. पण दहा दिवसांत कोणती चार गावं घ्यायची, कोणत्या क्रमानं, त्यांच्यामध्ये रेल्वे बरी की बस, शहराच्या कोणत्या भागात उतरलं की पायी फिरता येतं, हे फोनवर शोधायला बसलात तर तीन रात्री जातील आणि हाती चाळीस उघडे टॅब लागतील. एका माणसानं देश फिरून, गाळून सांगितलेलं असतं, त्याचे आपण पैसे देतो.

गाइडबुकातल्या काही गोष्टी दुधासारख्या नासतात, काही लोणच्यासारख्या टिकतात. भाडी, बसनंबर, हॉटेलं, उघडण्याच्या वेळा हे दूध. भूगोल, इतिहास, देवळात कसं वागायचं, कोणत्या रस्त्यानं जावं हे लोणचं. हुए ते दा नांग हा रेल्वेप्रवास हाय व्हान घाटाखालून समुद्राला चिकटून जातो. हुएहून निघालात तर डाव्या बाजूला बसा, समुद्र त्या बाजूला असतो. हे वाक्य वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही खरं होतं आणि आजही खरं आहे. ती गाडी किती वाजता सुटते ते मात्र पुस्तकातून घेऊ नका.

म्हणून पुस्तक निवडताना त्यातलं लोणचं चाखा. दूध कुठलंही असलं तरी ताजं वेगळंच आणावं लागतं.

२. दुकानात उभ्या उभ्या मुंबईचं प्रकरण वाचा

ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती. ज्या मालिकेचं व्हिएतनाम घ्यायचं आहे, त्याच मालिकेचं भारताचं पुस्तक फळीवरून काढा आणि मुंबईचं प्रकरण उघडा. हनोईबद्दल ते खरं बोलतायत की खोटं, हे आपल्याला कळणार नाही. मुंबईबद्दल मात्र पाच मिनिटांत कळतं.

मी या गोष्टी बघते:

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे लिहिलंय का? हे नसेल तर पुस्तक ठेवून द्या. सोमवारी सकाळी गेटवेला जाऊन परत फिरणारा पाहुणा आपण सगळ्यांनी पाहिलाय.

स्टेशनचं नाव काय छापलंय? ‘व्हीटी’ आपण बोलताना अजूनही म्हणतो, ते सोडा. पण २०१७ पासून नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. नव्या म्हणवणाऱ्या आवृत्तीत ‘महाराज’ नसेल, तर ते पान २०१७ नंतर कुणी तपासलेलंच नाही.

काळी-पिवळी पद्मिनीत बसून फिरा, असा सल्ला आहे का? शेवटच्या पद्मिनी टॅक्सींचं आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं. मेट्रो ३ चा उल्लेख आहे का? ती कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्याआधी छापलेल्या पुस्तकात नसली तर दोष नाही, पण पुस्तक कधीचं आहे हे तरी समजतं.

लोकलबद्दल काय लिहिलंय, हे मी सावकाश वाचते. ‘गर्दी असते, टाळा’ एवढंच असेल तर लेखक टॅक्सीनं फिरलाय. चर्चगेटची लाइन वेगळी आणि सीएसएमटीची वेगळी, स्लो आणि फास्टमधला फरक, बायकांचे डबे, सकाळी नऊच्या सुमाराला कोणत्या दिशेला चढायचं नाही, हे असेल तर तो माणूस खरंच स्वस्तात फिरलाय. स्वस्त प्रवासाच्या पुस्तकाची अर्धी परीक्षा इथेच होते.

आणि शेवटचं. त्या पुस्तकाची मुंबई कुठे संपते? कुलाब्याला सुरू होऊन वांद्र्याला संपत असेल, मध्ये दादर नाही, गिरगाव नाही, माटुंग्याची इडली नाही, तर त्याच मालिकेचं हनोईही जुन्या शहराच्या चार गल्ल्यांत संपण्याची शक्यता बरीच आहे. महाग चहा पिणाऱ्या परदेशी लोकांचं शहर वेगळं असतं आणि तिथल्या माणसांचं वेगळं. दुसरं स्वस्त असतं.

एक सावधगिरी. भारताचा आणि व्हिएतनामचा लेखक वेगळा असतो. त्यामुळे या परीक्षेतून मालिकेची शिस्त कळते, लेखकाची हुशारी कळत नाही. तेवढ्यासाठी व्हिएतनामच्या पुस्तकातलं ‘प्रवासाची साधनं’ हे प्रकरण चार पानं वाचा.

३. सालाचं पान उघडा, त्यातून दोन वर्षं वजा करा

कव्हरवर काय लिहिलंय ते विसरा. मुखपृष्ठाच्या पाठीमागे किंवा अगदी शेवटी बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक आणि महिना-साल असतं. लेखक देश फिरतो, मग लिहितो, मग संपादन, छपाई, आणि मग ते पुस्तक बोटीनं आपल्याकडे येतं. छापल्या सालाच्या एक-दोन वर्षं आधीची माहिती धरून चाला. कोविडच्या आधी छापलेलं पुस्तक असेल तर त्यातली हॉटेलं आणि खानावळी सरळ रद्द समजा.

भाव किती लवकर शिळे होतात याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण म्हणजे आर्थर फ्रॉमर यांचं १९५७ चं पुस्तक. दिवसाला ५ डॉलरमध्ये युरोप, असं थेट नावातच लिहिलं होतं. पुस्तक तुफान चाललं, पण महागाईही चालत होती. पुढच्या आवृत्त्यांमध्ये नावातलाच आकडा वाढवत न्यावा लागला.

तेव्हा आकडे आकडे म्हणून वाचू नका, प्रमाण म्हणून वाचा. डॉर्ममधल्या, म्हणजे सामायिक खोलीतल्या, खाटेपेक्षा साधी खोली दुप्पट, आणि रात्रीच्या गाडीतला बर्थ त्या दोन्हींच्या मध्ये, असं काहीतरी प्रमाण निघतं. ते बऱ्यापैकी टिकतं. मग आजचा एकच भाव फोनवर बघायचा आणि बाकीचे त्या हिशेबानं वर सरकवायचे. माझं दहा दिवसांचं अंदाजपत्रक दुसऱ्या वेळी या पद्धतीनं जवळजवळ बरोबर आलं.

पैशांच्या चिन्हांचंही एक आहे. एक डॉलर-चिन्ह म्हणजे ‘स्वस्त’, दोन म्हणजे ‘मध्यम’. पण कुणासाठी स्वस्त? ही किंमत पुस्तकात पुढे किंवा मागे एका चौकटीत दिलेली असते. ती शोधा आणि रुपयांत करून बघा. लंडनच्या मुलाचं ‘स्वस्त’ आपल्याकडे कधीकधी वाढदिवसाचं जेवण असतं.

४. कोणती मालिका कुणाच्या कामाची

सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव लोनली प्लॅनेट. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं १९७२ मध्ये लंडनहून जमिनीच्या वाटेनं आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियाला पोचलं, आणि कसे गेलात, कितीला पडलं, असं लोक विचारायला लागले म्हणून १९७३ मध्ये त्यांनी पहिलं छोटं पुस्तक काढलं. मुळात ही कंपनीच काटकसरीच्या प्रवासातून उभी राहिली. एकाच पुस्तकात आग्नेय आशियाचे सगळे देश घेणारी त्यांची जाड आवृत्ती दोन-तीन महिने फिरणाऱ्यांसाठी ठीक. आपल्याला दहा दिवसांची रजा मिळते, आपण एका देशाचं घ्यावं. अलीकडच्या आवृत्त्यांत फोटो वाढलेत आणि हॉटेलांच्या याद्या आटल्यात. जुने वाचक यावर कुरकुरतात. मला फारसं दुःख नाही, कारण त्या याद्यांनीच मला मोबाइल कव्हरांच्या दुकानासमोर उभं केलं होतं.

रफ गाइड्स १९८२ मध्ये ग्रीसच्या पुस्तकानं सुरू झालं. इतिहास, राजकारण, लोक यांवर भरपूर मजकूर. रात्रीच्या गाडीत वाचायला मला हेच आवडतं.

जॉर्जिया, उझबेकिस्तान, रवांडा असं काही डोक्यात असेल तर ब्रॅड्ट बघा. १९७४ पासून ते कमी मळलेल्या वाटांची पुस्तकं काढतायत. मुंबईच्या दुकानात सहसा नसतात, मागवावी लागतात.

रिक स्टीव्ह्जची पुस्तकं फक्त युरोपची. संग्रहालयात कुठल्या दालनातून कुठे वळायचं इथपर्यंत बोट धरून नेतात. डीके आयविटनेस चित्रांनी भरलेलं, देवळाचा उभा छेद काढून दाखवणारं. मुलांसोबत बसून बघायला सुंदर, स्वस्त खोली शोधायला निरुपयोगी, आणि गुळगुळीत कागदामुळे जडही.

मराठी प्रवासवर्णनं जरूर वाचा, भूक लागते. पण ती गाइडबुकं नव्हेत. लेखिकेला स्टेशनवर घ्यायला कुणाचे तरी मेहुणे आलेले असतात, आपल्याला कुणी येत नाही.

आणि फुकटात हवं असेल तर विकीव्हॉयेज. विकिपीडियाचीच संस्था चालवते, २०१३ पासून. किविक्स नावाच्या ॲपमधून अख्खं उतरवून घेता येतं आणि नेटशिवाय वाचता येतं. मोठ्या शहरांची पानं चांगली असतात, छोट्या गावांची कधी दोन ओळींची. पुस्तक घेण्याआधी तुमच्या देशाचं पान त्यात वाचून बघा. तेवढं पुरत असेल तर पैसे वाचले.

५. मुंबईत कुठे बघायचं

नवं पुस्तक हातात घेऊन चाळायचं असेल तर फाउंटनजवळचं किताबखाना. तिथे बसून वाचलं तरी कुणी उठवत नाही. वर सांगितलेली मुंबईची परीक्षा तिथे आरामात होते.

जुनं हवं असेल तर हुतात्मा चौकाच्या आसपासचे फूटपाथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. मी मुलुंडहून फोर्टला ये-जा करते, त्यामुळे फाउंटनवाले माझ्या ओळखीचे झालेत. परदेशी पर्यटक जाताना पुस्तकं टाकून जातात, ती फिरत फिरत इथे येतात. भावाची सुरुवात छापील किमतीच्या अर्ध्यावर होते. सालाचं पान उघडून बोट ठेवलं की विक्रेताही समजून घेतो आणि भाव खाली येतो. पाच वर्षांहून जुन्या पुस्तकाला मी दोनशेच्या वर देत नाही.

जुन्या पुस्तकात आधी समासातल्या पेन्सिलीच्या खुणा वाचा. कोणत्याही भाषेतल्या असोत. आता ही सूचना मी का करतेय ते सांगायला नको.

सापळा: पायरेटेड प्रती. सिग्नलवर कादंबऱ्या विकतात तशाच, हनोई-सायगावच्या फूटपाथवरही गाइडबुकाच्या झेरॉक्स प्रती विकायला असतात. कव्हर नव्या आवृत्तीचं, पोटात मजकूर जुना, असंही निघतं. आणि नकाशे काळे ठिक्कर. नकाशातली गल्ल्यांची नावं वाचता येत नसतील तर पुस्तक घेऊन काय करणार?

ई-बुकचं म्हणाल तर मजकूर वाचायला छान, नकाशे बघायला त्रास. बोटांनी मोठा करेपर्यंत रिक्षा निघून जाते.

६. पासपोर्ट, पोट आणि सुट्टी: ही तीन प्रकरणं आपली आपण लिहायची

ही पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नसतात. तक्रार नाही, पण लक्षात ठेवलं नाही तर महागात पडतं. वाचक म्हणून लेखकाच्या डोळ्यांसमोर अमेरिकन, इंग्लिश किंवा ऑस्ट्रेलियन माणूस असतो.

पासपोर्ट. ‘बहुतेक देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही’ हे वाक्य दिसलं की थांबा. त्या ‘बहुतेक’मध्ये आपण असूच असं नाही. व्हिसाचं पान गाइडबुकातून वाचूच नका, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून वाचा. व्हिएतनामचंच घ्या. जुन्या पुस्तकांत ३० दिवसांचा व्हिसा, एजंटचं मंजुरीपत्र वगैरे भानगडी छापल्यात. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो आणि एकदा प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर आहे. सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असा संपतो. शोधल्यावर वर वर येणारी, हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी पानं याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. अर्जात नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. आपल्या तीन नावांचा तिथे हमखास घोळ होतो. युरोपला जाणार असाल तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो, तो अंदाजपत्रकात धरा.

पोट. ‘शाकाहारी’ ही चौकट बहुतेक पुस्तकांत असते, पण ती लिहिणारा बहुधा स्वतः शाकाहारी नसतो. त्याला मांस न दिसणं म्हणजे शाकाहार वाटतो. व्हिएतनाममध्ये पालेभाजीतसुद्धा माशाचा सॉस, म्हणजे नुओक माम, असतो आणि फो या नूडल्सच्या सूपचं पाणी हाडं उकळून केलेलं असतं, वरचं मांस बाजूला काढून भागत नाही. आई माळकरी. पहिला दिवस तिनं केळी आणि चकलीवर काढला. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकातली शब्दसूची उघडली आणि ‘चाय’ हा शब्द सापडला. तिथे चाय म्हणजे चहा नव्हे, चाय म्हणजे शाकाहारी! ‘कोम चाय’ लिहिलेली पाटी दिसली की आत शिरायचं, भात आणि टोफूच्या चार-पाच भाज्या. ही बौद्ध पद्धतीची खानावळ असते, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक चाय खातात, त्या दिवशी अशा गाड्या जास्त दिसतात. “म्हणजे यांच्याकडेही तिथी पाळतात,” आई म्हणाली, आणि तिथून तिचं हनोईशी जमलं.

तेव्हा पुस्तक घेताना शब्दसूची उघडा. ‘मी मांस, मासे, माशाचा सॉस खात नाही’ हे वाक्य तिथल्या लिपीत छापलेलं असेल तर पुस्तकाला पाच गुण जादा.

सुट्टी. पुस्तकातला ‘हंगाम’ युरोपच्या सुट्ट्यांवर ठरलेला असतो. आपण निघतो दिवाळीत किंवा मे महिन्यात. ‘कधी जावं’ची सुंदर वाक्यं सोडून पावसाचा तक्ता बघा, आणि देशाचा नाही, गावाचा. व्हिएतनाम उभा लांब देश आहे. हनोईत कोरडं असतं तेव्हा मध्य भागात धो धो पाऊस असू शकतो. हुए आणि होई आन इथे सर्वात जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीत. होई आनच्या रस्त्यांत तेव्हा होड्या चालतात. ऑफिसातलं एक कुटुंब कंदिलांचे फोटो बघून दिवाळीत गेलं आणि हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरून पाणी बघून आलं. उलट, जानेवारी-फेब्रुवारीत तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष येतं. त्या आठवड्यात रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत आणि दुकानं बंद, आपल्याकडे गणपतीत कोकणाची तिकिटं मिळत नाहीत तसं.

७. घेतलेलं पुस्तक ताडून बघा

पुस्तक घरी आलं की एक संध्याकाळ यासाठी काढा. सगळं ताडायचं नाही. तीनच गोष्टी.

पहिली, विमानतळावरून शहरात कसं जायचं. स्वस्त प्रवासात सगळ्यात जास्त फसवणूक पहिल्या तासात होते. हनोईच्या नोई बाय विमानतळावरून ८६ नंबरची बस जुन्या शहरावरून रेल्वे स्टेशनला जाते. तुमच्या पुस्तकात ती आहे का? असेल तर आजचं भाडं आणि शेवटची बस फोनवर बघून समासात लिहा. रात्री उशिरा उतरणार असाल तर बसचा नाद सोडा आणि पहिल्या रात्रीची खोली मुंबईतूनच बुक करा, भाडं भरून. काटकसर दुसऱ्या दिवसापासून.

दुसरी, शहरात अलीकडे काय नवं झालं. हो ची मिन्ह सिटीची, म्हणजेच सायगावची, पहिली मेट्रो २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. त्याआधीच्या पुस्तकांत ती नाही.

तिसरी, पत्ते. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामनं ६३ प्रांतांचे ३४ केले आणि मधला जिल्ह्यांचा थर काढून टाकला. होई आन आता कागदोपत्री दा नांग शहरात येतं. जुनी पुस्तकं ‘क्वांग नाम प्रांत’ म्हणतात, बुकिंगच्या पानावर ‘दा नांग’ दिसतं आणि नवखा माणूस घाबरतो की खोली भलत्याच गावात घेतली. घाबरू नका, गाव जिथल्या तिथेच आहे. सायगावात लोक अजूनही ‘डिस्ट्रिक्ट वन’च म्हणतात, आपण व्हीटी म्हणतो तसं.

आणखी एक सापळा. एखादं दुकान किंवा ट्रॅव्हल ऑफिस गाइडबुकात गाजलं की त्याच नावाच्या चार पाट्या त्याच रस्त्यावर लागतात. नावावर जाऊ नका, घरनंबर जुळतो का बघा. आपल्याकडे ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ लिहिलेल्या पाट्या असतात, तोच खेळ.

८. पुस्तक कापा

हो, कापा. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात मी वाढलेय, तरी सांगतेय. स्वस्त विमान कंपन्या हातातल्या सामानाला बहुधा ७ किलो देतात. त्यात पाऊण किलोचं पुस्तक आणि त्यातली जाणार नसलेल्या गावांची तीनशे पानं कशाला? कटरनं लागतील ती प्रकरणं शिलाईशी सोडवून घ्या आणि गल्लीतल्या बाइंडरकडे द्या. मुलुंडच्या आमच्या बाइंडरनं जाड पुठ्ठा लावून पन्नास रुपयांत तीन छोट्या वह्या करून दिल्या: हनोई, मधला भाग, सायगाव. उरलेलं पुस्तक घरी राहतं. रस्त्यात उभं राहून जाडजूड पुस्तक उघडलं की आपण नवखे आहोत हे अख्ख्या चौकाला कळतं. वही उघडली तर कुणी बघत नाही.

नकाशाच्या पानांचे फोटो काढून ठेवा. त्या शहराचा ऑफलाइन नकाशाही मुंबईतल्या वायफायवर उतरवून घ्या.

जवळ काय काय हवं

निवडताना: पेन्सिल, तुमच्या रजेच्या तारखा, फोनमध्ये विकीव्हॉयेजचं पान.

तयारी करताना: कटर, चिकटचिठ्ठ्या, परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, ई-व्हिसाची छापील प्रत (दोन, एक वेगळ्या बॅगेत), पहिल्या रात्रीच्या खोलीचं बुकिंग आणि तिथल्या लिपीत लिहिलेला तिचा पत्ता, विमा, परतीचं तिकीट. परतीचं तिकीट इमिग्रेशनवाले कधीकधी मुंबईतच विचारतात.

वहीच्या पहिल्या पानावर: खाण्याचं वाक्य, भारतीय दूतावासाचा फोन, आणि पैशांचं गणित. व्हिएतनामसाठी माझं गणित असं, भावातली शेवटची तीन शून्यं सोडा आणि उरलेल्या आकड्याला तीन-साडेतीननं गुणा, रुपये आले.

नोटांची रंगीत चित्रं पुस्तकात असतील तर ते पानही कापून घ्या. वीस हजार आणि पाच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या असतात. होई आनच्या बाजारात मी नारळवालीला वीस हजारांची म्हणून पाच लाखांची दिली आणि चालायला लागले. ती टोपली तिथेच ठेवून धावत आली, माझा हात धरून नोट परत ठेवली आणि माझ्याच पाकिटातून बोटानं बरोबर नोट काढून घेतली. आई म्हणाली, “हे लिही तुझ्या पुस्तकात.”

लिहिलं. परत आल्यावर मी समासात तारीख घालून सगळं लिहिते: बंद झालेलं, हललेलं, महागलेलं, चांगलं निघालेलं. मराठीत आणि खाली इंग्रजीत. मग वह्या पुन्हा पुस्तकात घालून, वर रबरबँड लावून फाउंटनच्या त्याच माणसाला देते. पैसे तो फारसे देत नाही. “कापलेलं आहे ना मॅडम,” म्हणतो, आणि तरी सगळ्यात वरच्या ढिगावर ठेवतो.